निनवेला माफी, निनवेला शिक्षा: एका वचनाचा प्रवास

बायबलमधल्या योना संदेष्ट्याची गोष्ट म्हटली की सगळ्यांना त्याला गिळणारा मासा आठवतो. संडे स्कूलमध्ये मुलांना रंगवायला देतात तेही माशाचंच चित्र. पण योनाचं पुस्तक चार अध्यायांचं, ४८ वचनांचं आहे आणि त्यात मासा येतो जेमतेम तीन वचनांत. पुस्तकाचा गाभा आहे शेवटच्या अध्यायात. तिथं योना देवावर भडकलेला आहे, इतका की जगण्यापेक्षा मेलेलं बरं असं तो म्हणतो. कारण काय, तर निनवे शहराचा नाश होणार असं देवानं त्याच्या तोंडून सांगितलं होतं, शहरानं पश्चात्ताप केला आणि देवानं नाश केला नाही.

देवानं शिक्षा केली म्हणून रडणारी, भांडणारी माणसं बायबलमध्ये पुष्कळ आहेत. देवानं माफ केलं म्हणून मरण मागणारा माणूस विरळा. त्याचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, तर देवाचा न्याय आणि देवाची दया यांच्यातला पेच कुठे आहे ते कळायला लागतं. पेच सांगायला सोपा आहे. न्यायी देवानं गुन्ह्याला शिक्षा द्यायलाच हवी आणि दयाळू देवानं ती माफ करायला हवी. मग एकच देव दोन्ही कसा? यावर एक तयार उत्तर नेहमी कानावर पडतं: जुन्या करारातला, म्हणजे बायबलच्या पहिल्या, यहुदी भागातला देव कडक, येशूनंतरच्या नव्या करारातला प्रेमळ. मला हे उत्तर पटत नाही. ग्रंथ उघडून बसलं की ते दहा मिनिटंही टिकत नाही.

म्हणून या लेखात एकच वचन हाती धरून त्याच्या मागे मागे जाऊ या. योना रागाच्या भरात जे बोलतो ते त्याचं स्वतःचं नाही. ते बायबलमधल्याच निर्गमाच्या पुस्तकातून आलेलं आहे, आणि त्याच्यासारखेच आणखी कितीतरी लोक ते वचन आपापल्या गरजेनं वापरताना दिसतात.

वासरू आणि त्यानंतर

इस्राएल लोक मिसर देशाच्या गुलामीतून सुटून सीनाय डोंगराच्या पायथ्याशी उतरले आहेत. मूर्ती करणार नाही असा करार त्यांनी नुकताच मान्य केला आहे. त्यांचा पुढारी मोशे डोंगरावर जातो आणि चाळीस दिवस खाली येत नाही. लोकांचा धीर सुटतो. ते मोशेच्या भावाला, अहरोनाला गाठतात, कानातलं सोनं काढून देतात, त्याचं वासरू ओततात आणि त्याच्यापुढे नाचतात. देव मोशेला म्हणतो, मला आता अडवू नकोस, यांना मी संपवतो आणि तुझ्यापासून नवं राष्ट्र उभं करतो.

मोशे अडवतोच. लोक निर्दोष आहेत असं तो म्हणत नाही, कारण ते नाहीतच. त्याचं म्हणणं वेगळं आहे. मारायलाच बाहेर काढलं होतं, असं मिसरी लोक म्हणतील. शिवाय यांचे पूर्वज अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांना तू शब्द दिला होतास, त्याचं काय? देव आपला बेत मागे घेतो. इथं अध्याय संपला असता तर सोपं झालं असतं. पण मोशे खाली येतो, वासरू बघतो, कराराच्या दगडी पाट्या आपटून फोडतो, आणि त्याच्या हुकमावरून लेवी वंशातले लोक तलवारी घेऊन छावणीत फिरतात. त्या दिवशी सुमारे ३००० माणसं मारली गेली असं ग्रंथ सांगतो. मग तोच मोशे पुन्हा वर जाऊन म्हणतो, यांना क्षमा कर, नाहीतर तू लिहिलेल्या पुस्तकातून माझं नाव खोडून टाक.

एकाच माणसाच्या हातून एकाच प्रसंगात कत्तल आणि रदबदली, दोन्ही. हा भाग वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं, आणि ग्रंथानं तो गाळला नाही याचं महत्त्वही वाटतं.

या सगळ्यानंतर, नव्या पाट्या घडवून झाल्यावर, ३४व्या अध्यायात देव मोशेसमोरून जातो आणि आपली ओळख स्वतःच सांगतो. मराठी ख्रिस्ती वाचकांना त्यातला 'मंदक्रोध', म्हणजे चटकन न रागावणारा, हा शब्द ओळखीचा आहे. वचनाचा आशय असा: परमेश्वर, परमेश्वर, दयाळू आणि कृपाळू देव, मंदक्रोध, प्रेमानं आणि निष्ठेनं भरलेला, हजारोंवर प्रेम टिकवणारा, अन्याय, अपराध आणि पाप यांची क्षमा करणारा, तरी दोषी माणसाला तो निर्दोष ठरवून सोडत नाही, बापाच्या अपराधाबद्दल मुलांना आणि नातवंडांना तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जाब विचारतो.

वाचताना 'तरी'पाशी जो धक्का बसतो तो बसू द्यावा. क्षमा करणारा आणि सोडून न देणारा, दोन्ही एकाच वचनात, एकाच दमात. म्हणजे कडक देव आणि प्रेमळ देव अशी वाटणी दोन करारांत होण्याआधीच, सीनाय डोंगरावर, दोन्ही एकत्र आलेले आहेत. तोल मात्र सारखा नाही. प्रेम हजारोंपर्यंत जातं आणि जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीवर थांबतो. माप दयेच्या बाजूला झुकलेलं आहे, पण न्यायाचं पारडं रिकामं नाही.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय, हे गणनेच्या पुस्तकात दिसतं. देवानं देऊ केलेला कनान देश बघून आलेल्या हेरांच्या बातमीनं लोक घाबरतात, मिसरला परत जाऊ म्हणतात. देव पुन्हा संतापतो, आणि या खेपेला मोशे देवाचंच वचन देवाला ऐकवतो: तूच म्हणाला होतास ना, मंदक्रोध आणि प्रेमानं भरलेला म्हणून? देव म्हणतो, तुझ्या म्हणण्याप्रमाणे मी क्षमा केली आहे. आणि लगेच पुढे सांगतो की ही पिढी त्या देशात पाऊल ठेवणार नाही. चाळीस वर्षं रानात भटकण्याची शिक्षा इथली आहे. म्हणजे क्षमा झाली तरी परिणाम पुसले गेले नाहीत. नातं तुटलं नाही, पण किंमत मोजावी लागली. माफी म्हणजे काहीच घडलं नाही असं समजणं, ही कल्पना या ग्रंथात फारशी सापडत नाही.

दोन पुस्तकं, एकच शहर

आता निनवे. हे अश्शूर साम्राज्याचं मोठं शहर, नंतरची राजधानी. आजच्या इराकमधलं मोसुल शहर ज्या तिग्रीस नदीवर आहे, तिच्याच पूर्वेच्या काठावर त्याचे अवशेष आहेत. इस्राएल लोकांसाठी हे नाव म्हणजे काळ होता. अश्शूरनं इ.स.पू. ७२२च्या सुमारास उत्तरेकडचं इस्राएलचं राज्य बुडवलं आणि लोकांना हद्दपार केलं. इ.स.पू. ७०१मध्ये अश्शूरच्या सनहेरीब राजानं दक्षिणेकडच्या यहूदाच्या राज्यातलं लाखीश शहर घेतलं आणि त्या विजयाची कोरीव चित्रं निनवेतल्या आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर लावली. १९व्या शतकातल्या उत्खननात ती सापडली आणि आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्या दगडांवर वेढ्यासाठी रचलेले चढ आहेत, बैलगाडीवर बोचकी लादून निघालेली कुटुंबं आहेत, खांबांवर सुळी दिलेले कैदी आहेत आणि जिवंतपणी कातडी सोलली जाणारी माणसं आहेत. ही चित्रं अश्शूरच्या शत्रूनं बदनामीसाठी केलेली नाहीत. राजानं अभिमानानं करवून घेतलेली आहेत.

ही चित्रं डोळ्यांसमोर ठेवून योनाकडे बघावं. त्याला निनवेला जायला सांगितलं तर तो याफो बंदरातून उलट्या दिशेला, तार्शीशला जाणाऱ्या गलबतात बसतो. आपल्याला वाटतं भित्रा होता. चौथ्या अध्यायात तो स्वतः खरं कारण सांगतो, आणि इथेच ते सीनायवरचं वचन येतं: मला ठाऊकच होतं की तू कृपाळू आणि दयाळू देव आहेस, मंदक्रोध आणि प्रेमानं भरलेला, अरिष्ट आणायचं म्हणून ठरवून मग माघार घेणारा, म्हणूनच मी पळालो होतो. स्तुतीचं वचन, पण योना ते आरोपपत्र म्हणून वाचून दाखवतो. वचनाचा दुसरा भाग, 'तरी सोडत नाही', त्यानं म्हटलेलाच नाही. त्याची तक्रार नेमकी तीच आहे: तो भाग कुठे गेला?

योनाला कोत्या मनाचा ठरवून मोकळं होणं सोपं आहे, बहुतेक प्रवचनं तेच करतात. मला ते अन्यायाचं वाटतं. ज्यांच्या गावाच्या वाट्याला लाखीश आलं, त्यांच्या बाजूनं कोणीतरी विचारायलाच हवं होतं की गोणपाट नेसून राखेत बसलं की हिशेब संपतो का. योना ते विचारतो.

शेजारी अब्राहामाची गोष्ट ठेवली की योनाचं वेगळेपण नजरेत भरतं. सदोम शहराचा नाश होणार हे कळल्यावर अब्राहाम देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर वाचवशील? पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस, शेवटी दहा. 'सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय?' हा त्याचा प्रश्न. गंमत अशी की अब्राहाम न्यायाच्या नावानं दया मागतो आणि योना दयेच्या नावानंच देवावर आरोप करतो.

देवाचं उत्तर वादाचं नाही. योना शहराबाहेर जाऊन बसला आहे, पुढे काय होतं ते बघत. देव त्याच्या डोक्यावर एका रात्रीत एक वेल वाढवतो. सावली मिळते, योना खूश होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे किडा लागतो, वेल सुकतो, पूर्वेचा गरम वारा सुटतो, ऊन डोक्यात जातं आणि योना पुन्हा मरण मागतो. तेव्हा देव म्हणतो, ज्या वेलीसाठी तू कष्ट केले नाहीस, जी एका रात्रीत आली आणि एका रात्रीत गेली, तिच्यासाठी तुझा जीव तुटतो. मग उजवा हात कोणता आणि डावा कोणता हेही न कळणारी १,२०,००० हून अधिक माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं ज्यात आहेत, त्या निनवेसाठी माझा जीव तुटू नये का? पुस्तक इथेच संपतं. योना काय म्हणाला ते लिहिलेलंच नाही.

उत्तरातली गुरंढोरं मला फार महत्त्वाची वाटतात. देव निनवेचे गुन्हे नाकारत नाही, राजाचं कौतुक करत नाही. तो योनाची नजर राजवाड्यावरून काढून शहरातल्या त्या सगळ्यांवर नेतो ज्यांनी लाखीशला वेढा घातला नव्हता: लेकरं, जनावरं, काहीच न कळणारे लोक. शहराला शिक्षा म्हटलं की ती यांनाही होते.

पण गोष्ट इथं थांबत नाही, आणि हे फार थोडे लोक सांगतात. बायबलमध्ये योनानंतर मीखा आणि मीखानंतर नहूम. नहूमाचं तीन अध्यायांचं पुस्तक पूर्णपणे निनवेच्या नाशाबद्दल आहे, आणि त्याच्या सुरुवातीलाच पुन्हा तेच सीनायवरचं वचन येतं. परमेश्वर मंदक्रोध आहे, पण महापराक्रमी आहे आणि दोषी माणसाला मुळीच सोडणार नाही. योनानं गाळलेला भाग नहूमानं उचलला आणि योनानं धरलेल्या भागातला 'मंदक्रोध' एवढाच ठेवून प्रेमाच्या जागी सामर्थ्य घातलं. इ.स.पू. ६१२मध्ये बाबेल (बॅबिलोन) आणि मेद यांच्या फौजांनी निनवे खरोखरच धुळीला मिळवलं. नहूमाचं शेवटचं वचन विचारतं, तुझी खबर ऐकून टाळ्या न वाजवणारा कोण आहे, कारण तुझ्या दुष्टपणाचा मार सतत कोणाला बसला नाही? या टाळ्या मार खाल्लेल्यांच्या आहेत, हे विसरून त्या ऐकू नयेत.

बहुतेक अभ्यासकांच्या मते योनाचं पुस्तक लिहिलं गेलं ते नहूमाच्याही नंतर, यहुद्यांच्या बाबेलमधल्या बंदिवासानंतरच्या काळात. म्हणजे पहिल्या वाचकांना निनवे बेचिराख झालेलं ठाऊक होतं. त्यांच्यासाठी ही गोष्ट शत्रूला कायमची सूट मिळाल्याची नव्हती. एका पिढीनं हात आवरला आणि ती पिढी वाचली, पुढच्यांनी पुन्हा तेच केलं आणि ते गेले, असा मेळ नंतरच्या यहुदी परंपरेनं घातला. नहूमाच्या जुन्या अरामी भाषांतरात अगदी पहिल्याच वचनात ही भर आहे. मेळ घालण्याची ही धडपड समजू शकते. तरी ज्यांनी ग्रंथ जुळवला त्यांनी दोन्ही पुस्तकं ठेवली आणि एकानं दुसऱ्याला खोडलं नाही, याला माझ्या मते जास्त वजन आहे. माफ केलेल्या शहराला माफी द्यायला नको होती असं म्हणणारा माणूस आणि मार खाल्लेल्यांच्या टाळ्या, दोघांना ग्रंथात जागा आहे.

आजोबांचं पाप

वचनाचा सगळ्यात बोचणारा तुकडा तिसऱ्या-चौथ्या पिढीचा. बापानं केलं, नातवानं का भोगावं? हा प्रश्न आधुनिक माणसालाच पडतो असं नाही. इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या फौजेनं यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं आणि लोकांना ओढून नेलं. त्या काळात लोकांमध्ये एक म्हण फिरत होती: आंबट द्राक्षं खाल्ली बापांनी आणि दात आंबले मुलांचे. म्हणजे आमचा काय दोष, आम्ही वाडवडिलांचं फेडतो आहोत.

यहेज्केल हा त्याच्या काही वर्षं आधी, इ.स.पू. ५९७च्या सुमारास बाबेलला नेलेल्या बंदिवानांमधला याजक. त्यानं आपल्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात देवाच्या नावानं ही म्हण बंद करायला सांगितली. जो पाप करील तोच मरेल. मुलगा बापाचा दोष वाहणार नाही, बाप मुलाचा वाहणार नाही. पुढे तो विचारतो, दुष्ट माणूस मेला तर देवाला आनंद होतो का? नाही, त्यानं मार्ग सोडून जगावं यात आनंद आहे. सीनायवरचं वचन आणि हा अध्याय शेजारी ठेवले की एक ग्रंथ स्वतःच्याच जुन्या वाक्याशी वाद घालताना दिसतो. काही भाष्यकार म्हणतात की पहिलं वचन परिणामांबद्दल आहे आणि दुसरं दोषाबद्दल. आजोबांनी शेत गहाण टाकलं तर नातू कर्जात जन्मतो, पण म्हणून तो चोर ठरत नाही. मला हे बऱ्यापैकी पटतं. पण यहेज्केलाचा सूर नुसत्या खुलाशाचा नाही. तो खचलेल्या लोकांना सांगतो आहे की तुमचं आयुष्य आधीच ठरून गेलेलं नाही, आजही वळता येतं.

वचन मध्येच तोडलं

पुढे यहुदी प्रार्थनेत या वचनाचं जे झालं ते मला सगळ्यात धाडसाचं वाटतं. उपासाच्या दिवसांत आणि विशेषतः प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पुरला, सभास्थानात हे वचन सगळे मिळून मोठ्यानं आणि पुन्हा पुन्हा म्हणतात. देवाचे तेरा गुण म्हणून ते ओळखलं जातं. पण ते पूर्ण म्हणत नाहीत. 'दोषी माणसाला सोडत नाही' या जागी मूळ हिब्रूत जोर देण्यासाठी एकच क्रियापद दोनदा येतं आणि मध्ये नकार बसतो. प्रार्थना पहिल्या क्रियापदावर थांबते. नकार उच्चारलाच जात नाही, आणि 'सोडत नाही'च्या जागी कानावर पडतं 'निर्दोष ठरवणारा'.

ही चलाखी नव्हे. तालमूद या यहुदी धर्मचर्चांच्या जुन्या ग्रंथातल्या आचार्यांनी या तोडण्याचा अर्थ लावून ठेवला आहे: जे वळतात त्यांना तो निर्दोष ठरवतो, जे वळत नाहीत त्यांना ठरवत नाही. दोन्ही अर्थ त्या जागी आहेतच, मग उपास धरून उभा असलेला माणूस पहिला अर्थ हाती धरून देवापुढे जातो. त्याच ग्रंथात अशीही कल्पना आहे की सीनायवर देवानं स्वतः प्रार्थना चालवणाऱ्यासारखी शाल पांघरून मोशेला हा क्रम दाखवला आणि म्हणाला, लोक चुकतील तेव्हा त्यांनी माझ्यापुढे असं म्हणावं. आणि योम किप्पुरच्या दुपारी वाचतात ते योनाचं अख्खं पुस्तक. त्याला जोडून मीखाची शेवटची तीन वचनं, ज्यांत देव पापं समुद्राच्या तळाशी टाकतो.

कोकणातल्या बेने इस्राएली या यहुदी समाजात हा दिवस पिढ्यान् पिढ्या दारं लावून, कडक उपास धरून पाळला गेला. रायगडच्या गावांत तेलाचे घाणे चालवणारी ही मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. मुंबईत त्यांचं पहिलं सभास्थान १७९६मध्ये सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी बांधलं. दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत पडले आणि जिवंत सुटले. टिपूच्या आईनं रदबदली केली असं समाजाची परंपरा सांगते. सुटलो तर देवाचं घर बांधीन असा नवस होता, तो फेडला, आणि सभास्थानाचं नाव ठेवलं शार हारहमीम, दयेचं दार.

यहुदी आचार्यांनी हा पेच समजावायला एक दाखलाही दिला आहे. एका राजाकडे काचेचे नाजूक प्याले होते. गरम पाणी ओतलं तर तडकतील, गार ओतलं तर आकसून फुटतील. त्यानं दोन्ही मिसळून ओतलं आणि प्याले टिकले. नुसत्या दयेनं जग केलं तर पापं बोकाळतील, नुसत्या न्यायानं केलं तर जग उभं राहणार नाही, म्हणून देवानं दोन्ही मिसळलं. इथं दया आणि न्याय एकमेकांचे शत्रू उरत नाहीत. दोघांपैकी एकटं कोणीही जग चालवू शकत नाही, एवढंच.

ख्रिस्ती आणि मुस्लिम वाचन

कडक देव आणि प्रेमळ देव ही वाटणी सगळ्यात ठामपणे मांडणारा माणूस दुसऱ्या शतकातला मार्सियन. जुन्या करारातला न्यायाधीश देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, असं तो शिकवत होता. रोमच्या मंडळीनं इ.स. १४४च्या सुमारास त्याला बाहेर काढलं आणि यहुदी शास्त्र आपल्या बायबलमध्ये ठेवलं. म्हणजे आज सहज बोलून दाखवली जाणारी ही समजूत चर्चनं अठराशेहून जास्त वर्षांपूर्वीच नाकारलेली आहे.

नव्या करारात न्यायही कमी नाही. मत्तयाच्या १८व्या अध्यायातला दाखला घ्या. एका चाकराचं राजाकडे दहा हजार तालांताचं देणं आहे. एक तालांत म्हणजे साधारण ६००० दिनार आणि दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, तेव्हा हे देणं झालं ६ कोटी दिवसांच्या मजुरीचं, म्हणजे फिटणं अशक्य. राजा ते सगळं सोडतो. तोच चाकर बाहेर पडून शंभर दिनार देणं असलेल्या सोबत्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. राजाला कळतं आणि दिलेली माफी मागे घेतली जाते. देवाच्या क्षमेबद्दलचा हा सगळ्यात उदार दाखला संपतो शिक्षेवर, आणि शिक्षा आहे ती दया न केल्याबद्दलची. दया न करणाऱ्याचा न्याय दयेविना होईल आणि दया न्यायावर विजय मिळवते, असं याकोबाच्या पत्रात आहे, तेही एकाच वचनात. ख्रिस्ती श्रद्धेचं मुख्य उत्तर अर्थात वधस्तंभ. पापाची किंमत खरी आहे आणि ती देवानं स्वतःवर घेतली, म्हणून तो न्यायीही राहतो आणि क्षमाही करतो, अशी नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाची मांडणी आहे. ती मानणं न मानणं श्रद्धेचा भाग, पण तीही न्याय रद्द करून दयेपर्यंत पोहोचत नाही.

कुराणात योना हे यूनुस या नावानं येतात, त्यांच्या नावाचा स्वतंत्र सुरा, म्हणजे अध्याय, आहे आणि वेळेवर श्रद्धा ठेवून वाचलेली वस्ती म्हणून त्यांच्या लोकांचा खास उल्लेख आहे. देवानं दया स्वतःवर बंधनकारक करून घेतली आहे असं कुराण सांगतं, आणि माझी दया माझ्या क्रोधावर मात करते हे हदीसमधलं, म्हणजे पैगंबरांच्या वचनसंग्रहातलं वचन मुसलमान घराघरांत माहीत आहे. कुराणातच निवाड्याच्या दिवसाचं वर्णनही तितक्याच जोरानं येतं. मोसुलमधली यूनुस नबींच्या कबरीची म्हणून मानली जाणारी मशीद जुन्या निनवेच्याच टेकाडावर होती. २०१४मध्ये इसिसच्या लोकांनी ती स्फोटकं लावून उडवली.

मार खाल्लेल्याचं काय

या सगळ्यातून एक प्रश्न उरतोच, आणि तो योनाचाच आहे. देवानं निनवेला माफ केलं, पण लाखीशच्या वतीनं माफ करण्याचा हक्क कोणाचा? देव दयाळू आहे असं गुन्हेगारानं म्हणणं आणि ज्याच्यावर गुन्हा झाला त्यानं म्हणणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आपल्याकडेही कुणावर अन्याय झाला की त्यालाच 'सोडून दे, देव बघतोय' असा सल्ला देतात, आणि धर्माच्या नावानं दिलेला हा सल्ला कित्येकदा अन्याय करणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. मला याची चीड येते, आणि हे ग्रंथ त्या सल्ल्याच्या बाजूनं नाहीत असं माझं ठाम मत आहे.

योनाच्याच तिसऱ्या अध्यायात बघा. निनवेचा राजा उपास आणि गोणपाट जाहीर करतो, जनावरांनाही गोणपाट घालायला लावतो, पण त्याच हुकमात प्रत्येकानं आपल्या हातातला जुलूम सोडावा असंही आहे. आणि देवानं काय बघितलं ते सांगताना ग्रंथ गोणपाटाचं नाव घेत नाही. ते वाईट मार्गापासून वळले हे त्यानं बघितलं, असं लिहिलं आहे. तालमूदमध्ये त्या 'हातातल्या जुलमा'चा अर्थ थेट लावला आहे: निनवेत एखाद्यानं तुळई चोरून तिच्यावर वाडा चढवला असेल, तर त्यानं अख्खा वाडा उतरवला आणि तुळई मालकाला परत नेऊन दिली.

तालमूदचा पाया असलेल्या मिश्ना या नियमसंग्रहात याचा नियमच झाला. माणूस आणि देव यांच्यातल्या पापांचं प्रायश्चित्त योम किप्पुरला होतं. माणूस आणि माणूस यांच्यातल्या पापांचं होत नाही, जोवर त्या माणसाची समजूत काढलेली नाही तोवर. बाराव्या शतकात यहुदी धर्मपंडित मैमोनिदेस यांनी तपशील लिहिले. नुकसान भरून दिलं तरी पुरत नाही, तोंडानं क्षमा मागावी लागते. समोरचा ऐकत नसेल तर दरवेळी तिघांना सोबत घेऊन त्याच्याकडे जायचं, असं तीनदा. त्यानंतरही तो अडून बसला तर दोष त्याच्याकडे जातो. मात्र ज्याचा अपराध केला तो आपला गुरू असेल तर हजार वेळा जावं लागलं तरी जायचं. आणि तो माणूस मरून गेला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी उभं राहायचं, मी देवाचा आणि या माणसाचा अपराधी आहे, मी याचं असं असं केलं, हे सगळ्यांसमक्ष बोलायचं, आणि पैशाचं देणं असेल तर ते त्याच्या वारसांच्या हाती द्यायचं.